तेहतीसचे पस्तीस

मे महिन्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकायचं नाही, असा नियम होता. बाबा शाळेत मराठी शिकवत आणि सुट्टीत दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासत. पेपरांचे गठ्ठे घरात आहेत हे बाहेर कळता कामा नये, म्हणून कोपर गावातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली सकाळी सातपासून बंद होई. कुणी विचारलं तर 'ह्यांचं लिखाण चाललंय' असं सांगायचं, हे आईने आम्हाला पढवून ठेवलेलं. कदममास्तर काय लिहितात ते अख्ख्या चाळीला माहीत होतं. तरी शेजारणी आदबीने 'झालं का लिखाण?' म्हणून विचारत आणि आई तितक्याच आदबीने 'होत आलं' म्हणे. दाराआडून पंख्याची कटकट, पान उलटल्याचा आवाज आणि मधूनच बाबांचा सुस्कारा, एवढंच ऐकू येई. सुस्कारा लांबला की समजायचं, कुणीतरी नापास झालं.

'तुझी मजा आहे बाई, तुझे वडील सुट्टीभर घरी,' असं वर्गातल्या मुली म्हणत, तेव्हा मला त्यांच्या वेण्या ओढाव्याशा वाटत. वडील घरात म्हणून तर आम्ही बाहेर होतो. माझा धाकटा भाऊ टिल्लू तेव्हा चार वर्षांचा. देवाने त्याला एकच आवाज दिला होता आणि तो पार स्टेशनपर्यंत जायचा. मी बारा वर्षांची, म्हणजे आईच्या मते मोठी. सकाळी मऊभात आणि पोह्याचा पापड खाल्ला की टिल्लूला काखोटीला मारायचं, दुपारी गुपचूप येऊन जेवायचं, आणि पुन्हा चार वाजेपर्यंत घराकडे फिरकायचं नाही, ही माझी सुट्टी. आम्ही खाडीच्या बाजूला जाऊन चिखलातले खेकडे बघायचो, गोळेवाल्याच्या गाडीमागे उगीचच चालायचो, सावली सरकली की आम्हीही सरकायचो. एका जागी बसणं मला जमायचं नाही आणि टिल्लूला तर मुळीच नाही. पण त्याला खाली उतरवलं की तो पळायचा आणि उचललं की रडायचा. त्याच्या घामोळ्यांची खाज माझ्या हातांना सुटायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा, खरोखरचा, चिमटा काढावा असा. एकदोनदा काढलाही आहे.

चाळीची मालकीण भागूमावशी. तिच्या घरच्यांची एके काळी मिठागरं होती, भातशेती होती. आता त्या जमिनीवर आमच्यासारख्यांच्या खोल्या होत्या. ती ओट्यावर बसून ताडगोळे सोलायची आणि आम्हाला बघून दरवेळी तेच म्हणायची, "गो मंजू, पोराला कनाला उनान घेऊन हिंडतेस? तुमचे घरान सुट्टी हाय का सुतक?" मग टिल्लूच्या तोंडात एक ताडगोळा कोंबायची. तेवढी पाच मिनिटं तो गप्प बसे. आता मी घोडबंदर रोडला मुलाच्या घरी, बाविसाव्या मजल्यावर राहते. नातवाला सुट्टीत तीन शिबिरं लावली आहेत, पोहण्याचं, चित्रांचं आणि कसल्याशा यंत्रमानवांचं. तरी घरी आला की तो सोफ्याच्या पाठीवर चढून 'आजी, बोअर होतंय' म्हणून ओरडतो. सून त्याला दटावते. मी नाही दटावत. ती वळवळ माझ्या ओळखीची आहे.

चार वाजता दार उघडलं की मात्र घराला जीव यायचा. बाबा तोंडावर पाणी मारून बाहेर येत आणि टिल्लूला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवत. आई कैरीचं पन्हं करी, वेलची जरा जास्तच घालून. संध्याकाळी कोलंबीचं सुकं नाहीतर डाळीची आमटी, सोबत तळलेल्या कुरडया, आणि जेवताना गावच्या गप्पा. कारण पेपर संपले की संगमेश्वरकडे, आईच्या माहेरी जायचं, असा दरवर्षी बेत असे. त्या वर्षी मंगळवारच्या एसटीचं आरक्षण झालं होतं. आजोळच्या आमराईतले शेवटचे आंबे आमच्यासाठी झाडावर ठेवल्याचं पत्र आलं होतं. आईने आठ दिवस आधीच बॅग काढून पलंगाखाली ठेवली होती आणि जाता-येता तिच्यात काहीतरी भरायची. आई माहेरी दोन वर्षांत गेली नव्हती. बॅगेत एखादी साडी ठेवताना ती गुणगुणायची. एरवी ती गुणगुणणारी बाई नव्हती.

संध्याकाळच्या चहानंतर बेरजा व्हायच्या. हे सांगू नये, पण आता सांगायला हरकत नाही: तेव्हा बऱ्याच मास्तरांच्या घरी बायकापोरं बेरजा करत. आमच्याकडे आधी आई करायची. टिल्लू झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि तेवढ्या एका कामात मी खूश असे. बाबा तपासलेला पेपर माझ्याकडे सरकवत. मी आतली पानं उलटून प्रत्येक प्रश्नाचे मार्क बघायचे, ते पहिल्या पानावरच्या चौकोनात बरोबर उतरलेत का ते पडताळायचे, बेरीज करायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. बाबा तो आकडा लाल शाईने लिहून सही ठोकत. ते माझी बेरीज पुन्हा करत नसत. "मंजूची बेरीज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ते पोंक्षेसरांनाही सांगायचे. नाव न घेता अर्थात. पोंक्षेसर म्हणजे बाबांचे मॉडरेटर. ते ठाण्याला राहत. तपासलेले गठ्ठे त्यांच्याकडे जात आणि ते त्यातले काही पेपर काढून पुन्हा बघत. इतक्या वर्षांत बाबांच्या गठ्ठ्यात एकदाही बेरजेची चूक सापडली नव्हती आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

शेवटचा गठ्ठा रविवारी पोचवायचा होता. शनिवारी दुपारी माझं डोकं फिरलं. ऊन मी म्हणत होतं, टिल्लूच्या कपाळावर गळू आलं होतं आणि तो दीड तास एकाच सुरात रडत होता. चार वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी सरळ घरी आले, आतल्या खोलीचं दार ढकललं आणि त्याला बाबांच्या मांडीवर टाकलं. "घ्या तुमचा मुलगा!" म्हटलं आणि बाहेर येऊन पाय पसरून बसले. आई माझ्याकडे नुसतं बघत राहिली. आतून बराच वेळ टिल्लूचं रडणं आणि पानांचा आवाज असे दोन्ही येत राहिले. पानं नेहमीपेक्षा भराभर उलटत होती. ते त्या वेळी माझ्या कानांनी टिपलं, डोक्याने नाही.

संध्याकाळी बेरजांना बसलो. निबंधाचा विषय होता 'सुट्टी नसती तर'. शंभरातल्या नव्वद पोरांनी गाईडमधला निबंध उतरवला होता, सुट्टी नसती तर आमरस मिळाला नसता आणि मामाच्या गावाला जाता आलं नसतं वगैरे. मला तो पाठ झाला होता. मग एक पेपर आला, बारीक अक्षरांचा, काना-मात्रांचा पत्ता नसलेला. त्यात लिहिलं होतं, सुट्टी नसती तर फार बरे झाले असते. शाळा असली की माझा भाऊ शेजारच्या म्हातारीकडे राहतो. सुट्टीत म्हातारी तिच्या लेकीकडे जाते. आई भट्टीवर जाते. मग भाऊ दिवसभर माझ्याजवळ असतो. तो झोपतो तेव्हाच मला अभ्यास होतो. पण तो माझ्या हातावर झोपतो आणि हात हलला की उठतो. म्हणून मी पुस्तकाचे पान फुंकून उलटते. कधी कधी दोन पाने एकदम उलटतात. मग मी पुढचेच वाचते. एवढ्यावर निबंध संपला होता. खाली बाबांच्या लाल रेघा होत्या, शुद्धलेखनाच्या, अकरा. आणि समासात आकडा, पंधरापैकी चार.

मी तो तीनदा वाचला. टिल्लू बाजूला चटईवर उताणा झोपला होता, कपाळावर आईने लावलेला हळदीचा लेप. मला भयंकर लाज वाटली. कुणाची ते सांगता येत नव्हतं. मी बेरीज केली. तेहतीस. पुन्हा केली. तेहतीसच. पस्तीसला पास. बाबा पेन धरून वाट बघत होते.

"किती गं?"

"पस्तीस," मी म्हटलं.

बाबांनी लिहिलं, सही केली आणि पुढचा पेपर सरकवला.

रविवारी सकाळी बाबा, मी आणि टिल्लू ठाण्याला निघालो. दरवर्षीचा तो आमचा सण असे. गठ्ठा पोचवायचा, मग तलावपाळीला बोटीत बसायचं, मग आइस्क्रीम. मागे राहून आई बॅगेला कुलूप शोधणार होती. मी रात्रभर नीट झोपले नव्हते. वाटभर मी बाबांच्या मांडीवरच्या त्या कापडी पिशवीकडे बघत होते आणि आपण आता आजारी पडावं, गाडी बंद पडावी, पिशवी खाडीत पडावी, असलं काहीबाही मनात येत होतं. टिल्लूला मात्र कंठ फुटला होता. "बोट! बोट!" करून त्याने डब्यातल्या सगळ्यांना आमचा बेत सांगून टाकला.

पोंक्षेसर लहान चणीचे, कडक इस्त्रीचा सदरा घालणारे गृहस्थ. घरात ते आणि त्यांच्या पत्नी दोघंच. आम्हाला कोकम सरबत देऊन काकू तिथेच स्टुलावर बसल्या. सरांनी गठ्ठा सोडला आणि पेपर पत्त्यांसारखे भराभर चाळले.

"काठावरचे आधी काढतो, कदमसर. नेमके पस्तीसवाले."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी पंचेचाळीस म्हटलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पस्तीस म्हणून मी तो पेपर आपल्या हाताने ढिगाच्या वर ठेवला होता. सरांनी पेन्सिलीने चौकोनातल्या आकड्यांवर हळूहळू खुणा केल्या, थांबले, पुन्हा पहिल्यापासून केल्या.

"कदमसर, हे तेहतीस होतात की हो."

बाबांनी चष्मा पुसला, आकडे बघितले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझी चूक," ते म्हणाले. "बेरीज चुकली."

"तुमची? छे!"

"ताई करते बेरीज!" टिल्लू सरबताचा ग्लास तोंडाला लावूनच ओरडला. "ताई ओरडते, मग बाबा लिहितात!"

मला वाटलं आता पोलीस येणार. पण काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "असू दे रे बाळा. आमच्याकडे कोण करतं वाटतं तुला?" पोंक्षेसर बायकोकडे डोळे वटारून बघत राहिले आणि मग तेही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पस्तीसवर काट मारली, तेहतीस लिहिलं आणि बाजूला सही केली.

तलावपाळीला आम्ही पायाने चालवायची बोट घेतली. बाबा आणि मी पायडल मारत होतो आणि मध्ये टिल्लू, पाण्यात हात घालायला धडपडणारा. मासुंदा तलावाच्या पाण्यावर ऊन चमचमत होतं. काठावर भेळवाले, फुगेवाले, सुट्टीतली पोरंच पोरं. मध्यावर आल्यावर बाबांनी विचारलं, "चुकली का गं बेरीज?"

रागाने नाही विचारलं. मायेने विचारलं. 'होतं असं' म्हणायला ते टेकलेच होते. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तिथे संपत होतं. पण माझ्या बेरजेला कुणी चूक म्हणावं, हे मला तेव्हाही सोसवेना.

"चुकली नाही," मी म्हटलं. "मी दोन दिले."

बाबांचे पाय थांबले. बोट आपली आपण एका बाजूला वळायला लागली. "दिले म्हणजे?"

मग मी त्यांना निबंध सांगितला, पाठच होता मला. म्हातारी, भट्टी, हातावर झोपलेला भाऊ. फुंकून उलटलेलं पान सांगताना मला रडू कोसळलं आणि मला रडताना बघून टिल्लूनेही सूर लावला. शेजारच्या बोटीतली माणसं वळून बघायला लागली. बाबा माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत होते असं वाटत नाही.

"हे होतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी वाचलं नाही गं, मंजू," ते म्हणाले. "रेघा मारल्या मी नुसत्या."

इतक्या वर्षांनी सांगते, त्यांनी मला त्या वेळी एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. ती पानं भराभर का उलटली, टिल्लू त्यांच्या मांडीवर कुणी नेऊन टाकला, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी तो विषय काढला नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. त्यांनी जोरजोरात पायडल मारत बोट काठाला आणली. आमचा अर्ध्याहून जास्त वेळ बाकी होता. बोटवाला म्हणाला, "साहेब, अजून टाइम आहे तुमचा." बाबा टिल्लूला उचलून चालायला लागले होते.

पोंक्षेसर जेवायला बसले होते. बाबा उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "सर, माझा गठ्ठा मला परत द्या. चार दिवस द्या. निबंध पुन्हा वाचायचे आहेत."

"कुठला? तो तेहतीसवाला? तो मीच बघतो ना."

"सगळे," बाबा म्हणाले. "एक वाचला नाही, म्हणजे आणखी किती वाचले नसतील, मला ठाऊक नाही."

पोंक्षेसरांनी उष्टा हात लागू नये म्हणून काकूंना पिशवी द्यायला सांगितली. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे मला बोलता येणार नाही." आइस्क्रीम राहिलंच. टिल्लू त्यासाठी घरापर्यंत भोकाड पसरून रडला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

घरी बॅगेला कुलूप लागलं होतं. बाबांच्या हातात पिशवी बघून आईला काही विचारावं लागलं नाही. ती एकदम बोलायला लागली. "मंगळवारचं काय? माझ्या आईला काय कळवू? झाडावर आंबे ठेवलेत त्यांनी. तुमची बेरीज चुकत नाही म्हणून कौतुक करून घेता, आणि माझं माहेर दरवर्षी चुकतंय ते?" आईचा आवाज चाळभर गेला असणार. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग त्यांनी पिशवीतून तो पेपर काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला निबंध वाचून दाखवला. आपला पेपर मास्तराच्या बायकोला वाचून दाखवतायत, हे त्या मुलीला कळलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे. आई पाठमोरी होऊन कणीक मळत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"फुंकून?" तिने विचारलं.

"फुंकून," बाबा म्हणाले.

आईने हात धुतले, पलंगाखालची बॅग ओढली, कुलूप काढलं आणि वरच्या दोन साड्या परत कपाटात ठेवल्या. त्या ठेवताना ती रडली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. पुढचं आरक्षण मिळालं नाही आणि ती त्या वर्षी गेलीच नाही. पुढच्या वर्षी गेली तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला सगळी माणसं ओळखू येत नव्हती. हा हिशेब आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने मांडला नाही. पण तो होता आणि त्यातला माझा वाटा मला माहीत आहे.

सोमवारपासून पुन्हा दार बंद झालं. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. मी टिल्लूला सकाळीच घेऊन निघाले आणि पाचच्या आत घरी आणलं नाही. भागूमावशीच्या ओट्यावर तो माझ्या हातावर झोपला, तेव्हा मी हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या, खांद्यापर्यंत कळ गेली. मावशी म्हणाली, "खाली ठेव गो त्याला, उठत नाय." मी म्हटलं, "असू दे." एका हाताने पुस्तकाचं पान फुंकून उलटता येतं का, तेही मी करून बघितलं. नाही येत. तीनचारदा फुंकलं की एखादं उलटतं, आणि दोन एकदम उलटतात हे मात्र खरं.

बुधवारी संध्याकाळी बाबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं होतं, बेरजा आता पुन्हा आईकडे जाणार. पण चटईवर माझी जागा रिकामी ठेवलेली होती. बऱ्याच पेपरांत निबंधाचे मार्क बदललेले होते, काही वाढलेले, काही उतरलेले, प्रत्येक बदलाशेजारी सही. मी आकडे सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मग तो पेपर आला. निबंधाच्या समासात चारवर काट होती आणि शेजारी सात. अकरा लाल रेघा तशाच होत्या.

माझं बोट त्या सातवर थांबलेलं बाबांनी बघितलं असावं. पेनाचं टोपण काढता काढता ते म्हणाले, "तू तिला दोन दिलेस, मंजू. तिचे तीन होते."

मी चौकोनातले आकडे वाचले. बेरीज केली, पुन्हा केली, आणि तिसऱ्यांदा खालून वर केली. बाहेर टिल्लू आईकडे पन्हं मागत होता.

"किती?"

"छत्तीस," मी म्हटलं.

बाबांनी न बघता लिहिलं.